मताआधीचा प्रश्न

निवडणूक जवळ आली की उमेदवार दारोदार हिंडतो, हात जोडतो आणि मत मागतो. मागणारा तो आणि देणारे आपण, हा व्यवहार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्याआधी आणखी एक मागणी असावयास हवी, याचे स्मरण फार थोड्यांना राहते. ती मागणी मतदाराची असते आणि ती उत्तराची असते. गेली काही वर्षे मुंबईत आणि आसपास रहिवाशांच्या संघटना उमेदवारांना एका व्यासपीठावर बोलावून प्रश्न विचारू लागल्या, तेव्हा अनेकांना ती एक नवी, काहीशी परदेशी रीत वाटली. वस्तुस्थिती तशी नाही. मुंबई शहरात इतिहासाचा क्रमच असा आहे की, रहिवाशांनी प्रथम प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नाच्या पोटी पुढे मताचा हक्क जन्मास आला. त्या क्रमाची ही थोडक्यात हकीकत आहे. तिच्यात अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे. आणि जे प्रश्न विचारले गेले नाहीत, त्यांची किंमत कोणी मोजली, याचाही हिशेब तिच्यात आहे.

एकट्या आयुक्ताचे शहर

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा बोकाळला. युद्ध संपताच १८६५ च्या मध्यावर हा डोलारा कोसळला आणि सावकार, व्यापारी, दलाल असे कितीतरी लोक एका फटक्यात धुळीस मिळाले. नेमक्या त्याच वर्षी मुंबईच्या कारभाराचा नवा कायदा अमलात आला. कागदोपत्री सत्ता 'जस्टिस ऑफ द पीस' या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे होती. प्रत्यक्षात मात्र कारभाराच्या किल्ल्या एका माणसाच्या हाती गेल्या. तो म्हणजे पहिला म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड.

क्रॉफर्ड आळशी नव्हता, हे त्याच्या टीकाकारांनीही मान्य केले असते. त्याने रस्ते रुंद केले, सफाईची व्यवस्था लावली, कत्तलखाना शहरातून काढून वांद्र्यास नेला. १८६९ मध्ये पुरी झालेली आणि आज महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी मंडई दीर्घकाळ त्याच्याच नावाने प्रसिद्ध होती. परंतु या साऱ्याचा खर्च अफाट होता. शहर मंदीत बुडालेले, घरमालकांचे भाडे थकलेले आणि घरपट्टीचा बोजा मात्र वाढत चाललेला. कर्ज किती झाले, कशासाठी झाले, मंजुरी कोणी दिली, हे विचारण्याची सोय करदात्याला नव्हती. ज्या मंडळाने विचारावे, ते सरकारने नेमलेले. त्यातील बहुतेकांना सभेस हजर राहण्याचेही अगत्य नव्हते.

तेव्हा करदात्यांनी स्वतःच विचारण्यास आरंभ केला. १८७१ मध्ये या असंतोषाला संघटित रूप आले. मंडळात जेम्स फोर्ब्स यांनी कारभारसुधारणेचा विषय लावून धरला. बाहेर नौरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक, सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखी जाणती मंडळी करदात्यांच्या बाजूने उभी राहिली. इंग्रज व्यापारी, पारशी सुधारक, मराठी वकील अशी ही जुळणी होती. त्यांचा धर्म एक नव्हता, भाषा एक नव्हती. प्रश्न मात्र एकच होता : आमच्या पैशांचे काय केले?

याच वर्षी २९ नोव्हेंबर रोजी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांच्या एका बॅरिस्टरने या विषयावर निबंध वाचला. त्याचे नाव फिरोजशहा मेहता. त्याने क्रॉफर्डच्या कामाची बाजू घेतली, ही गोष्ट चिडलेल्या करदात्यांना रुचण्यासारखी नव्हती. पण त्याच्या म्हणण्याचा गाभा वेगळाच होता. दोष एका अधिकाऱ्याचा नसून रचनेचा आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. अधिकाऱ्याच्या हाती अधिकार असावेत. परंतु त्याला जाब विचारणारे मंडळ करदात्यांनी स्वतः निवडलेले असावे. नेमलेल्यांच्या जागी आणखी काही नेमलेले आणून बसविल्याने काहीही साधणार नाही.

त्या वेळी अनेकांना हा विचार धाडसाचा वाटला. तथापि रागाने उठलेल्या प्रश्नाला त्याने दिशा दिली, हे नाकारता येणार नाही. 'हिशेब द्या' एवढ्यावर न थांबता 'हिशेब मागणारा आम्ही निवडू' येथवर शहर येऊन पोहोचले.

प्रश्नाचे फळ

१८७२ च्या कायद्याने मुंबईला चौसष्ट सभासदांची महापालिका मिळाली. त्यातील सोळा सरकारने नेमावयाचे, सोळा जस्टिसांनी निवडावयाचे आणि बत्तीस करदात्यांनी. नगराच्या कारभारात करदात्यांच्या मताला असे निम्मे स्थान देणे, ही त्या काळच्या हिंदुस्थानात मोठीच गोष्ट होती. १८७३ मध्ये पहिली निवडणूक झाली. पुढे १८८८ च्या कायद्याने सभासदसंख्या बहात्तर झाली आणि त्यातील छत्तीस जागा प्रभागांतून भरल्या जाऊ लागल्या. तोच १८८८ चा कायदा, असंख्य दुरुस्त्यांसह, आजही मुंबई महापालिकेचा आधार आहे.

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ भरली. यांपैकी मत कोणाला? वर्षाला निदान पन्नास रुपये पालिकेचा कर भरणाऱ्याला. त्या काळी पन्नास रुपये म्हणजे गिरणीकामगाराची कित्येक महिन्यांची कमाई. साहजिकच मतदारांची गणती काही हजारांच्या पलीकडे गेली नाही. चाळीत एका खोलीत राहणारा भाडेकरू घरमालकाला भाडे देई, त्या भाड्यातूनच घरमालक पट्टी भरी. म्हणजे कराचा भार शेवटी भाडेकरूच्या खांद्यावरही होता. परंतु कराची पावती मालकाच्या नावाची, म्हणून मत मालकाचे. कोळीवाड्यातील कोळी, गोदीतील हमाल, भायखळ्या-परळचा कामगार, बटलर वा आया म्हणून राबणारे आपले गोवेकर बांधव यांतील बहुतेक सारे या यादीच्या बाहेर होते.

१८७१ चा प्रश्न न्याय्य होता, पण तो पट्टी भरणाऱ्याचा प्रश्न होता. पैसा किती खर्च झाला, हे त्यात होते. पैसा कोणासाठी खर्च झाला नाही, हे त्यात नव्हते. जे सभेतच नाहीत त्यांचा प्रश्न सभेत कसा निघणार?

मांडवीचे उत्तर

याचे उत्तर पंचवीस वर्षांनी आले, आणि ते फार कठोर होते. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात तापाने माणसे पटापट मरू लागली. धान्याच्या वखारी, उंदीर, हवा-उजेड नसलेल्या खोल्या, एका खोलीत दाटीने राहणारी कुटुंबे असा तो परिसर. तेथे रोग्यांना तपासणारे एक गोवेकर डॉक्टर होते, अकासियो गाब्रिएल व्हिएगस. ही गाठीची प्लेग आहे, असे निदान त्यांनी केले. ते केवळ डॉक्टर नव्हते, महापालिकेच्या स्थायी समितीचे सभासदही होते. रोग्याच्या खाटेपाशी जे दिसले, ते त्यांनी समितीच्या टेबलापाशी जाऊन सांगितले. नागरी प्रतिनिधित्वाचा याहून स्वच्छ अर्थ मला तरी ठाऊक नाही. व्हिएगस पुढे १९०६ मध्ये महापालिकेचे अध्यक्ष झाले. मेट्रो चित्रपटगृहासमोरील त्यांच्या पुतळ्याजवळून रोज हजारो माणसे जातात.

प्लेगने शहर रिकामे केले. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. चाळींच्या खोल्यांत खिडक्या का नाहीत, गटारे का तुंबतात, कचरा कोणत्या गल्लीतून उचलला जातो आणि कोणत्या गल्लीतून उचलला जात नाही, हे प्रश्न मांडवीच्या भाडेकरूंनी निवडणुकीत विचारले असते तर प्लेग आलीच नसती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. रोग बंदरातून आला आणि त्याचे कारण तेव्हा शास्त्रालाही पुरते उमगले नव्हते. पण तो कोणत्या घरांत शिरून बसला, हे पाहिले म्हणजे ज्यांना मत नव्हते त्यांच्याच दारात तो अधिक काळ मुक्काम करून राहिला, हे दिसून येते.

आणखी एक बोध येथे आहे. प्लेगनंतर शहराची पुनर्रचना करण्यासाठी सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्यात निवडून आलेल्यांचा वाटा अल्प होता. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, दाट वस्त्या पाडल्या. परंतु ज्यांची घरे पाडली त्यांतील कित्येकांना नव्या घरांचे भाडे परवडण्याजोगे नव्हते, आणि ते शेजारच्या वस्तीत जाऊन तीच दाटी करून राहिले. ज्यांच्यासाठी योजना करावयाची त्यांनाच विचारावयाचे नाही, ही १८६५ ची चूक नव्या नावाने पुन्हा घडली.

काकांचा दाखला

या कथेत आपल्या समाजाचा आणखी एक मोठा माणूस भेटतो. माझगावच्या मातारपाखाडीत १७ मार्च १८६४ रोजी जन्मलेले जोसेफ बॅप्टिस्टा. लोक त्यांना 'काका' म्हणत. मूळ कुटुंब उत्तनचे, जातकुळी ईस्ट इंडियन, घरची बोली मराठी. पुण्याला अभियांत्रिकीचे शिक्षण, नंतर केंब्रिज आणि बॅरिस्टरी. लोकमान्य टिळकांचे ते सहकारी व कायदेशीर सल्लागार होते. १९१६ मध्ये होमरूल लीगचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि १९२० मध्ये आयटक ही कामगारांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली तेव्हा तिच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. १९०१ पासून अनेक वर्षे ते महापालिकेत होते आणि १९२५ मध्ये तिचे अध्यक्ष झाले.

बॅप्टिस्टांचे चरित्र आपण सहसा 'आपला माणूस किती मोठा झाला' या अभिमानाने सांगतो. त्यात वावगे काही नाही. पण त्यांना ज्यांनी निवडले, मानले आणि 'काका' म्हटले, ते केवळ कॅथलिक नव्हते. गिरणीकामगार, पोस्टमन, टिळकभक्त ब्राह्मण, मुसलमान व्यापारी अशा सर्वांना ते आपले वाटले. 'हा आमच्यातला आहे काय?' हा प्रश्न त्यांच्या बाबतीत गौण ठरला. 'हा आमचे काम करील काय?' हा प्रश्न मुख्य ठरला. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर पाण्याच्या टाक्यांवरील बागेला त्यांचे नाव आहे. नगराच्या सेवकाच्या नावाची बाग पाण्याच्या टाकीवर असावी, हे मोठे समर्पक आहे. नळाला पाणी येते तेव्हा ते कोणत्या धर्माच्या घरात जाते, हे टाकीला ठाऊक नसते.

काकांच्या हयातीतच मताची कक्षा रुंदावली. १९२२ च्या कायद्याने दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्यालाही मत मिळाले. म्हणजे पन्नास वर्षांनी का होईना, भाडेकरू यादीत आला. १९२३ च्या निवडणुकीनंतर सरोजिनी नायडू, अवंतिकाबाई गोखले अशा स्त्रिया सभागृहात दिसू लागल्या. पुढे १९४८ मध्ये प्रौढ मतदानाच्या पायावर निवडणूक झाली आणि पावती, भाडे, पदवी यांचा अडसर संपला. १८७१ मध्ये जो प्रश्न काही हजारांच्या मालकीचा होता, तो पाऊणशे वर्षांनी साऱ्यांचा झाला.

हक्क आला, प्रश्न मागे पडला

आता एक विलक्षण गोष्ट अशी की, मत सर्वांना मिळाल्यावर प्रश्न मात्र क्षीण झाला. उमेदवाराच्या मागे पक्ष असे, पक्षाच्या मागे चिन्ह असे, आणि मतदार चिन्हाला मत देई. गटार, नळ, शाळा, दवाखाना हे विषय प्रचारसभेच्या शेवटी, नारळ वाढविण्याआधी, ओझरते येत. नगरसेवक हा काम 'करून देणारा' झाला. जो काम करून देतो त्याला जाब कसा विचारावयाचा? त्याचे उपकार मानावयाचे असतात.

ही स्थिती बदलण्यास कायद्याने काही अंशी हात दिला. १९९२ मध्ये संमत झालेली त्र्याहत्तरावी व चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली. गावाला ग्रामसभा आणि शहराला प्रभाग समित्या मिळाल्या. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, उमेदवाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी, मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने तो हक्क पुन्हा ठामपणे सांगितला. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीतही उमेदवाराला आता असे शपथपत्र द्यावे लागते. त्यापाठोपाठ २००५ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. १८७१ च्या करदात्याला जी कागदपत्रे स्वप्नातही दिसली नसती, ती आज दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात.

दुसरा हात लोकांनीच पुढे केला. १९९७ च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी आपल्या गल्लीतील कचऱ्याचा प्रश्न पालिकेच्या साहाय्याने सोडविण्यास आरंभ केला, आणि त्यातून 'एएलएम' या नावाने ओळखले जाणारे रहिवाशांचे गट शहरभर पसरले. १९९९ मध्ये 'अग्नी' ही संस्था निघाली. तिने उमेदवारांची माहिती जमवून मतदारांपुढे ठेवण्याचे आणि उमेदवारांना लोकांसमोर उभे करण्याचे काम अंगावर घेतले. २००७ मध्ये जुहूच्या प्रभाग ६३ मधील रहिवाशांनी तर एक पाऊल पुढे टाकले. पक्षांनी दिलेल्या उमेदवारांना प्रश्न विचारण्याऐवजी त्यांनी आपल्यातूनच उमेदवार निवडला. अ‍ॅडॉल्फ डिसोझा कोणत्याही पक्षाच्या पाठबळाविना निवडून आले. 'नागरिकांचा उमेदवार' महापालिकेत गेल्याची ही घटना शहरभर गाजली. २०१२ मध्ये अनेक प्रभागांत तसा प्रयत्न झाला, पण २००७ चे यश फारसे कोठे मिळाले नाही.

याचे कारण केवळ पक्षांचे बळ नव्हे. रहिवासी संघटना बहुधा इमारतींच्या असतात. सोसायटीचे सचिव, निवृत्त अधिकारी, डॉक्टर, वकील ही मंडळी त्यांच्या पुढाऱ्यांत असतात. त्यांचे प्रश्न खरे असतात : पदपथ मोकळे करा, फेरीवाले हटवा, वाहने लावण्यास जागा द्या. पण २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईच्या लोकसंख्येपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडवस्तीत राहतात. त्यांचे प्रश्न निराळे असतात : नळ कधी येणार, शौचालयाची रांग कधी कमी होणार, घर पाडणार तर पर्यायी जागा कोठे. पदपथावरून हटविला जाणारा फेरीवाला हाही मतदार असतो. १८७१ मध्ये भाडेकरू सभेबाहेर होता. आज त्याला मत आहे. पण प्रश्न विचारण्याच्या सभेचे निमंत्रण त्याला आहे काय?

विंचरण्याची फणी

प्रश्न कसा विचारावा, याचाही एक इतिहास आहे, आणि तो स्कॉटलंडातील डंडी गावाचा आहे. तेथे जवसाच्या ताटापासून निघणाऱ्या धाग्याचे कापड विणले जाई. धागा कातण्यापूर्वी लोखंडी दात्यांच्या फणीतून ओढून विंचरावा लागे. त्या फणीला 'हेकल' म्हणत आणि हे काम करणाऱ्यांना 'हेकलर'. हे कामगार मोठे चौकस म्हणून प्रसिद्ध होते. इतर जण काम करीत असता एकजण मोठ्याने वर्तमानपत्र वाची आणि चर्चा चाले. निवडणुकीस उभा राहणारा उमेदवार सभेत आला की त्याला प्रश्न विचारून तो धाग्यासारखा विंचरून काढावयाचा, ही स्कॉटलंडची रीत झाली आणि इंग्रजी भाषेला तो शब्द मिळाला. पुढे त्या शब्दाचा अर्थ घसरला. आज वक्त्याला ओरडून अडविणे म्हणजे 'हेकलिंग' समजतात.

शब्दाची ही घसरण आपल्याला सावध करणारी आहे. विंचरण्याचा हेतू गुंता सोडविण्याचा असतो. धागा तोडण्याचा नसतो. उमेदवाराला पेचात पकडून टाळ्या मिळविणे सोपे आहे. त्याच्याकडून तपासता येईल असे उत्तर मिळविणे कठीण आहे. 'आपण विकास करणार काय?' या प्रश्नाला 'होय' याखेरीज दुसरे उत्तरच नसते. 'आपल्या प्रभागातील पालिकेच्या शाळेत गेल्या पाच वर्षांत किती मुले कमी झाली आणि आपण त्याविषयी सभागृहात काय मागणार?' या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी आधी शाळेत जाऊन यावे लागते. प्रश्न विचारणाऱ्यालाही जाऊन यावे लागते. चांगला प्रश्न दोघांनाही कामाला लावतो.

उत्तर लिहून घेणे, ते जपून ठेवणे आणि वर्षाने पुन्हा काढून वाचणे, हे त्याहून महत्त्वाचे. आपल्याकडे प्रभागाचे आरक्षण सोडतीने बदलते. त्यामुळे तोच नगरसेवक त्याच प्रभागात पुन्हा मत मागावयास येईल, याची खात्री नसते. २०१७ मध्ये पुणे, ठाणे अशा शहरांत एका प्रभागातून चार नगरसेवक निवडले गेले. चौघांपैकी कोणाला विचारावयाचे, हा नवाच पेच. अशा वेळी पाच वर्षांतून एकदा विचारलेला प्रश्न अपुरा पडतो. तो दरवर्षी, अंदाजपत्रकाच्या वेळी, विचारावा लागतो.

गाव, शहर आणि आपले सभागृह

आपल्या वाचकांतील पुष्कळ कुटुंबे वसईची आहेत. त्यांना हा विषय वेगळ्या रीतीने भिडतो. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि त्रेपन्न ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. गावे वगळावीत यासाठी झालेले आंदोलन, पुढे एकोणतीस गावांवरून लांबलेला वाद आपण जाणताच. त्या वादाच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. पण एक साधी गोष्ट नोंदविली पाहिजे. ग्रामपंचायत असताना गावकऱ्याला ग्रामसभा होती. सरपंचाला समोर उभे करून 'या रस्त्याचे पैसे कोठे गेले?' असे विचारण्याचा हक्क त्याला कायद्याने होता. त्यासाठी निवडणुकीची वाट पाहण्याचे कारण नव्हते. गाव शहरात गेले तशी ग्रामसभा गेली. शहरातील मतदारासाठी अशा सभेची तरतूद कागदावर आली, पण ग्रामसभेसारखी ती रुजली नाही. म्हणून शहरात रहिवाशांनी स्वतः बोलावलेली सभा ही हौसेची गोष्ट ठरत नाही. ग्रामसभेची उणीव भरून काढण्याचा तो एक मार्ग आहे.

अशी सभा अनेकदा धर्मग्रामाच्या सभागृहात भरते, कारण शंभर-दोनशे खुर्च्या आणि शिस्तीने बसणारी माणसे तेथे सहज मिळतात. या सोयीबरोबर एक जबाबदारी येते. सभागृह आपले असले तरी सभा केवळ आपली असू नये. शेजारच्या वस्तीतील भाडेकरू, आदिवासी पाड्यावरील बाई, मशिदीजवळचा दुकानदार यांना निमंत्रण गेले पाहिजे आणि त्यांना आधी बोलू दिले पाहिजे. उमेदवार सारे बोलवावेत, आवडते आणि नावडतेही. व्यासपीठावरून कोणाची शिफारस होऊ नये. 'आपल्या समाजासाठी आपण काय करणार?' एवढाच प्रश्न आपण विचारला तर उमेदवार स्मशानभूमीची भिंत आणि सणाच्या दिवशी रोषणाई यांचे आश्वासन देऊन मोकळा होईल. बॅप्टिस्टा आणि व्हिएगस यांच्या वारसांनी इतक्या स्वस्तात समाधान मानावे काय?

या इतिहासाने अलीकडे एक अनपेक्षित वळण घेतले. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहराला निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. वसई-विरारमध्ये हा काळ २०२० मध्येच सुरू झाला. प्रशासक होते, अंदाजपत्रके होत होती, रस्ते खणले जात होते आणि बुजविले जात होते; फक्त जाब विचारण्यास लोकांचा माणूस सभागृहात नव्हता. शहर जणू १८६५ मध्ये परत गेले. पण १८७१ सारखी करदात्यांची चळवळ त्या काळात उभी राहिली नाही. आपल्याला सवय झाली होती.

मताचा हक्क आपल्या पूर्वजांना कोणी दान दिलेला नाही. हिशेब मागणाऱ्या माणसांनी तो मिळविला आणि हिशेब मागण्याचे सोडल्यावर तो बोथट होत गेला. पुढच्या वेळी उमेदवार दारात येईल तेव्हा त्याला बसावयास सांगावे, पाणी द्यावे आणि आपल्या गल्लीविषयीचा एक नेमका प्रश्न विचारावा. मात्र त्याआधी, आपल्या सभेस जो येऊ शकला नाही त्याच्या दारी जाऊन, त्याचा प्रश्न काय आहे, हे विचारून यावे.